मैदानावरची हिरवळ: बियाणं आधी की तणनाशक आधी?

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. श्रोत्यांमध्ये शाळांचे शिक्षक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि माळीकाम करणारी मंडळी होती. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. काही प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



सुरुवात एका फसलेल्या मैदानापासून करतो. गाव आणि शाळा सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नव्हती. तालुक्याच्या ठिकाणची शाळा. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, साधारण दहा गुंठ्यांचं मैदान सपाट करून घेतलं, चार ट्रॉल्या माती टाकली, हरळीचं चांगलं बियाणं आणलं. पेरणी झाली. आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी म्हणालं, "आता तण उगवूच नये म्हणून फवारून टाकू." घरी सोयाबीनला मारतात तेच पेंडीमिथॅलीन आणलं आणि मारलं. हेतू अगदी चांगला होता.

मला बोलावलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. मैदान उघडं. कुठे कुठे बारीक कोंब दिसत होते. ते उपटून पाहिले तर मुळांची टोकं आखूड आणि फुगलेली, गदेसारखी. मैदानावर हिरवं काही असेल तर तो लव्हाळा, कारण लव्हाळ्याला या औषधाचं काहीच वाटत नाही. बियाण्याचे पैसे गेले, हंगाम गेला, आणि त्या वर्षी पोरं धुळीतच कबड्डी खेळली.

तिथले एक शिक्षक मला म्हणाले, "सर, सोयाबीनला हेच मारतो की आम्ही दरवर्षी. तिथे पीक मरत नाही, मग इथे का मेलं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आजचं सगळं भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

सोयाबीन वाचतं, हरळी का मरते?

पेंडीमिथॅलीनसारखी औषधं मातीच्या अगदी वरच्या थरात बसतात. पाण्याबरोबर ती फारशी खाली जात नाहीत. त्या थरात जे बी रुजतं त्याच्या मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबतं, मूळ वाढत नाही आणि रोप उपासमारीने जातं. यांना आपण उगवणीपूर्व तणनाशकं म्हणतो.

आता सोयाबीनचा दाणा बघा. केवढा मोठा, आणि तो आपण तीन-चार सेंटिमीटर खोल पेरतो. त्याची मुळं औषधाच्या थराच्या खालीच सुरू होतात. कोंब वर येताना थरातून जातो खरा, पण दाण्यात शिदोरी भरपूर असते, तो निघून जातो. तणाचं बारीक बी मात्र वरच्या थरातच असतं. ते सापडतं.

हरळीचं बी घ्या. एका किलोत तीस-चाळीस लाख दाणे बसतात, इतकं ते बारीक. ते आपण पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल टाकूच शकत नाही, टाकलं तर उगवत नाही. म्हणजे ते नेमकं कुठे पडलं? औषधाच्या थरात, तणाच्या बियांच्या शेजारी. औषधाला दोघांत फरक करायला काही आधारच उरत नाही. घाटी आणि माठ मरतील त्याच कारणाने तुमची हरळीही मरेल.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर यात आणखी एक गंमत आहे. उसात, कपाशीत हीच हरळी दिसली की आपण तिला शिव्या घालतो, खणून काढतो. गणपतीला तिच्याच दूर्वा वाहतो. आणि मैदानावर पैसे देऊन तिचं बी पेरतो. वनस्पती एकच. ती तण आहे की पीक, हे आपण ठरवतो. औषधाच्या डब्याला ते माहीत नसतं.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. पेरणीच्या दिवसापासून हिरवळीची दोन-तीनदा कापणी होईपर्यंत मैदानावर कोणतंही तणनाशक नाही. जी सफाई करायची ती पेरणीच्या आधी. जी उरली ती कापणीनंतर. मधला काळ पाणी, खुरपं आणि सबुरीचा.

परदेशी व्हिडिओचा घोटाळा

मला दर महिन्याला कोणी ना कोणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं. अमेरिकेतला माणूस लॉनचं बी पेरतो, त्याच दिवशी तणनाशक मारतो आणि महिन्याभरात गालिचा तयार. हे खोटं नाही. पण तो पेरतो ते गवत वेगळं आहे.

थंड हवेच्या प्रदेशात केंटकी ब्लूग्रास, रायग्रास, टॉल फेस्क्यू ही गवतं पेरतात. त्यांच्यासाठी सिड्युरॉन आणि मेसोट्रायोन अशी औषधं आहेत, जी या गवतांना पेरणीच्या वेळीही सोसवतात आणि तणांना रोखतात. पण या दोन्ही औषधांनी हरळीला, म्हणजे बर्म्युडा ग्रासला, इजा होते. त्या देशांत तर हरळी हीच लॉनमधलं तण म्हणून मारायची असते! आपल्या उष्ण हवेत मैदानासाठी चालतं ते हरळीच्या जातीचं गवत. मग तिकडचं औषध इथे वापरणं म्हणजे स्वतःच्याच पिकावर फवारणं.

२,४-डी ची गोष्टही अशीच अर्धी ऐकली जाते. हे औषध रुंद पानाच्या तणांना मारतं आणि गवताला सोडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४४ साली अमेरिकी कृषी खात्यातल्या मार्थ आणि मिचेल यांनी ब्लूग्रासच्या हिरवळीतली डँडेलियनसारखी रुंद पानांची तणं याने मरतात आणि गवत टिकतं, असं दाखवलं होतं. म्हणजे या औषधाचा इतिहासच हिरवळीतून सुरू होतो. पण ती हिरवळ मुरलेली होती. रुंद पानाच्या झाडात हे औषध वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं, झाड वेडंवाकडं वाढतं, पिळवटतं आणि मरतं. मोठं गवत ते पचवतं. दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपाला ती ताकद आलेली नसते. मुळं धरलेली नसतात, फुटवे नसतात. त्याला धक्का बसतोच.

आधी माती तपासा, मग बियाणं घ्या

त्या शाळेत आणखी एक शंका होती. चार ट्रॉल्या माती आली होती ती उसाच्या रानातून. उसात ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन वापरतात. यांचा अंश मातीत बरेच आठवडे, कधी काही महिने राहू शकतो. सोयाबीनच्या रानात इमॅझेथापायर वापरलं असेल तर त्याचाही अंश पुढच्या पिकाला बाधू शकतो. म्हणजे तुम्ही स्वतः काहीच फवारलं नाही तरी औषध ट्रॉलीत बसून मैदानावर येऊ शकतं.

याला प्रयोगशाळा लागत नाही. कुंडीची परीक्षा करा. आणलेली माती चार कुंड्यांत भरा. जिथे कधी औषध मारलेलं नाही अशा जागेची, बांधावरची किंवा परसातली, माती दुसऱ्या चार कुंड्यांत भरा. दोन्हीकडे मोहरी किंवा अळीव टाका, बाजरीचे दाणे टाका, आणि थोडं जे गवत पेरणार आहात तेच बी टाका. मोहरी आणि अळीव रुंद पानांचे प्रतिनिधी, बाजरी गवतवर्गाची. सारखं पाणी, सारखं ऊन. तीन आठवडे बघा. उगवण कमी, पानं पांढरट किंवा कडेने करपलेली, मुळं आखूड, असा फरक दोन गटांत दिसला तर ती माती वापरू नका. ही परीक्षा शाळेत सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्या. विज्ञानाचा तास होतो आणि मैदानही वाचतं.

शेणखताचंही तसंच. कच्चं शेणखत म्हणजे तणाच्या बियांची बँक. जनावराने खाल्लेल्या कितीतरी बिया पोटातून जिवंत बाहेर येतात. खत चांगलं कुजलेलं, ढिगात तापलेलं हवं. आणि माती-खत जे काही आणायचं ते पेरणीच्या पाच-सहा महिने आधी आणून पसरा. कारण त्यातलं तण आधी उगवून येऊ दे, मग आपण त्याचा समाचार घेऊ.

दहा गुंठ्यांचं वेळापत्रक

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते देशावरच्या हवामानाचा विचार करून सांगतो. कोकणात पाऊस जास्त आणि लांबतो, तिथे पेरणी गणपतीनंतर थोडी पुढे न्यावी.

मार्च: माती, खत टाकून उतार काढून घ्या. पाणी साचलं तर हरळी बसत नाही आणि लव्हाळा मात्र आनंदाने येतो. कुंडीची परीक्षा याच महिन्यात.

एप्रिल आणि मे: दोन वाटा आहेत. मोठी जागा असेल तर उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू द्या. जुनी रानटी हरळी, कुंदा यांच्या काशा वर येतात त्या वेचून बाहेर काढा, वाळवा, जाळा. छोटी जागा असेल तर सौरीकरण करा. जमीन भिजवून वाफसा आला की पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचं आणि कडा मातीने गाडायच्या. काळं प्लॅस्टिक नको, कारण पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती तापते. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातल्या बहुतेक वार्षिक तणांच्या बिया मरतात. माती ओली असणं फार महत्त्वाचं. कोरड्या मातीत बी झोपलेलं असतं आणि झोपलेल्या बीला उष्णता फारशी बाधत नाही.

जून ते ऑगस्ट: हा खरा कामाचा काळ. पहिला पाऊस पडला की दहा-पंधरा दिवसांत मैदान हिरवं होईल. लोक म्हणतात, "अरेरे, तण आलं." मी म्हणतो, येऊ द्या. हे सगळं तण हिरवळीत येणार होतं, ते आज आलं. दोन-चार पानांवर असतानाच वरवर खुरपून किंवा वखराने हलकं कापून काढा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. खोल गेलात तर खालचं नवं बियाणं वर येतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा-वीस दिवसांनी दुसरा लोंढा येईल, तो काढा. मग तिसरा. प्रत्येक वेळी तण विरळ होत गेलेलं डोळ्यांना दिसतं. जुन्या माणसांना हे ठाऊक आहे. पाभर धरण्याआधी एक-दोन कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारायचे, ते हेच.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे पोळ्याच्या मागे-पुढे: पेरणी. जोराचा पाऊस ओसरलेला असतो, जमीन अजून उबदार असते. दर चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम बी, म्हणजे दहा गुंठ्यांना पाच ते दहा किलो. बारीक वाळूत मिसळा, निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका, दाताळ्याने अगदी हलकं मातीआड करा, हलका रूळ फिरवा. पाणी झारीसारखं, दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. टरफल काढलेलं बी असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं, टरफलासकट असेल तर आणखी वेळ लागतो. बी दाट पडलं तर तणाला जागाच कमी मिळते. विरळ पेरणीत वाचवलेले पैसे पुढे खुरपणीत जातात.

सप्टेंबर-ऑक्टोबर: गवत पाच सेंटिमीटरच्या आसपास आलं की पहिली कापणी. उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कापू नका आणि यंत्राची पाती धारदार हवीत, नाहीतर कोवळं रोप उपटून येतं. कापणी हे स्वतःच तणनियंत्रण आहे. माठ, गाजर गवत अशी सरळ वर वाढणारी तणं शेंडा कापला की मागे पडतात. हरळी मात्र कापल्यावर आडवी पसरते. घोळ, दुधी अशी जमिनीलगत पसरणारी तणं कापणीतून सुटतात. ती हाताने काढा. घोळ काढला तर मैदानावर टाकून देऊ नका, तुकड्यालाही मुळं फुटतात.

एवढं केल्यावर मध्यम आकाराच्या मैदानाला बहुतेक वेळा फवारणीची गरजच उरत नाही. हे मी औषधाच्या विरोधात आहे म्हणून सांगत नाही. मी आयुष्यभर शेतकऱ्यांना औषधं सुचवलेली आहेत. पण जिथे मुलं अनवाणी पळणार, पडणार, तोंडात गवताची काडी धरणार, तिथे प्रत्येक फवारणी टाळता आली तर ती टाळावी.

लव्हाळ्याचं वेगळं प्रकरण

आता वर सांगितलेलं सगळं ज्याच्यापुढे हात टेकतं तो लव्हाळा. ओळखायचा कसा? खोडाला बोटं लावून फिरवा, तीन कडा लागतात. हे गवत नाही, वेगळं कूळ आहे. याची ताकद बियांत नसून जमिनीखालच्या गाठींत असते. गाठींची माळच असते. माळ अखंड असताना शेंड्याची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते आणि प्रत्येक गाठीला स्वतंत्र कोंब फुटतो. एका लव्हाळ्याचे वीस होतात. प्लॅस्टिकलाही त्याचा टोकदार कोंब भोक पाडून वर येतो.

म्हणून लव्हाळा असलेल्या जागेत रोटाव्हेटर नको. उन्हाळी नांगरटीने गाठी वर आणून उन्हात वाळवणं, वेचणं, आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा काढणं. फारच असेल तर पेरणी एक वर्ष पुढे ढकला. ऐकायला जड वाटतं, पण लव्हाळ्यावर पेरलेली हिरवळ नंतर दुरुस्त करणं त्याहून जड जातं.

ग्लायफोसेट इथे कामाला येतं, कारण ते पानातून आत जाऊन गाठींपर्यंत पोचतं. पण त्याच्या अटी समजून घ्या. तण जोमाने वाढत असलं पाहिजे. पावसाच्या ताणाने सुकलेलं असेल तर औषध आत जात नाही. आधी कापून टाकलं तर शोषायला पानच उरत नाही. फवारल्यावर लगेच नांगरलं तर औषध मुळापर्यंत पोचायच्या आत वाट तुटते, आठवडाभर तरी थांबावं लागतं. फवारणीनंतर काही तासांत पाऊस आला तर धुऊन जातं. आणि गढूळ पाण्यात मिसळलं तर मातीचे कण ते धरून ठेवतात, औषध टाकीतच निकामी होतं. मातीशी असं घट्ट बांधलं जात असल्यामुळेच ते जमिनीतून नंतरच्या बियाण्याला सहसा बाधत नाही. तरी पेरणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघूनच.

आणि कायदा. आपल्या देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा यांच्यासाठी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत व्हावा असं म्हटलं. तेव्हा शाळेच्या शिपायाच्या पाठीवर पंप देऊन हे काम उरकायचं नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांना आधी विचारा.

फवारायचंच असेल तर

मी आज मात्रा सांगणार नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारी बहुतेक तणनाशकं पिकांसाठी आहेत, मात्रा त्या त्या पिकाची लिहिलेली असते. डब्याबरोबरची माहितीपत्रिका वाचा. तिच्यात तुमचा उपयोग लिहिलेला नसेल तर ते औषध मैदानासाठी नाही, एवढा सरळ अर्थ घ्या. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण धडा तोच आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही. मध्ये तंबाखू, चहा, विडी काही नाही.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने लिहून ठेवा. २,४-डी मारलेल्या पंपाने नंतर टोमॅटोवर किंवा गुलाबावर काही फवारलं तर त्याचा थोडासा अंशही पानं पिळवटून टाकतो. नोझल सपाट पंख्यासारख्या फवाऱ्याचं, दाब कमी, म्हणजे थेंब मोठे राहतात आणि उडत नाहीत. नाशिककडच्या मंडळींना तर हे मुद्दाम सांगतो. द्राक्षवेल २,४-डी ला फार हळवी असते, कपाशीही तशीच. त्यातला ईस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन लांबवर जातो. शाळेच्या कुंपणापलीकडे बाग असेल तर हे औषध विसरा. शेजाऱ्याचा घड मारून आपली हिरवळ कशाला?

पॅराक्वाट शाळेच्या आवारात आणूच नये. त्याच्यावर उतारा नाही. कोणतंही औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्याच टाकीत घालायचं, डब्याला भोक पाडायचं, पाण्याची भांडी म्हणून त्याचा पुन्हा वापर होऊ द्यायचा नाही. कुणाला त्रास झाला तर १०८ ला फोन आणि रुग्णासोबत औषधाचं लेबल. डॉक्टरांना नाव कळलं तर पुढचे उपचार ठरतात.

प्रश्नोत्तरं

एक शिक्षिका: सर, फवारणी केल्यावर मुलांना मैदानावर कधी सोडायचं?

ताई, लेबलवर जो काळ लिहिलाय तो पाळायचाच. फवारा पूर्ण वाळण्याआधी तर कुणीच नाही, शिपाईसुद्धा नाही. पण मी वेळापत्रक असं दिलंय की त्यात तुम्हाला एक सोय मिळते. पोळ्याच्या सुमारास पेरलंत तर दुसरी-तिसरी कापणी दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते. काही करायचं असेल तर ते सुट्टीच्या पहिल्या दिवशी करा. फाटकाला कुलूप आणि पाटी लावा. मुलं परत येईपर्यंत दोन आठवडे जातात, मध्ये पाणी आणि एक कापणीही होते.

एक माळीकाका: आम्ही मीठ टाकतो तणावर. स्वस्त पडतं.

काका, फरशीच्या फटीत ठीक, मैदानात नको. मिठाने काळी जमीन चिकट आणि घट्ट होते, निचरा बिघडतो आणि तुमचं कोवळं गवत आधी मरतं. डिझेल, रॉकेलही नको. त्याने माती बाटते आणि आगीची भीती वेगळीच.

सोसायटीचे एक सदस्य: बियाण्याऐवजी हरळीच्या काड्या लावल्या तर ही भानगड टळेल का?

बरीचशी टळते. काडीला गाठीतून मूळ फुटतं, बीसारखं पहिल्या कोवळ्या मुळावर तिचं सगळं अवलंबून नसतं. पण मजुरी जास्त लागते, आणि काड्या कुठून आणता ते महत्त्वाचं. त्यांच्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या तर विकत घेऊन दुखणं आणल्यासारखं होईल. मुळं धुऊन घ्या, एकेक जुडी बघून घ्या.

एक तरुण: हिरवळ मुरल्यावर मग पेंडीमिथॅलीन कधीच नाही का?

त्याची जागा आहे. मैदान पूर्ण भरलं, एक वर्ष झालं, आणि पावसाळ्याआधी नव्या तणाची उगवण रोखायची असेल, तर उगवणीपूर्व औषधांचा विचार होतो, तोही उपयोग लेबलवर असेल तर. पण लक्षात ठेवा, ज्या वर्षी ते मारलंत त्या वर्षी मोकळ्या पडलेल्या जागेत पुन्हा बी टाकून भरणी करता येणार नाही. तिथे गवताचे तयार चौकोनच लावावे लागतील.

ते पहिले शिक्षक आठवतात ना, सोयाबीनवाले? त्यांनी पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत थांबून पेरलं. त्यांचा फोन आला तेव्हा म्हणाले, "सर, यंदा औषधाचे पैसे वाचले, ते खुरपणाऱ्या बायकांना दिले." मैदान पुरतं भरायला पुढचा पावसाळा उजाडला. गोलपोस्टापुढची जागा अजून उघडीच आहे म्हणाले, तिथे पोरं थांबतच नाहीत. त्याला कुठलंच औषध नाही.